डोंगर सोडायचा की सॅक हलकी करायची? एका कंबरदुखीचं प्रकरण

ताईंचं वय ४३. दिवसभर खुर्चीत बसून करायची नोकरी, आणि वीसेक वर्षं सुट्टीचा जवळजवळ प्रत्येक दिवस डोंगरात. नवख्यांना घेऊन जाणाऱ्या, अवघड टप्प्यावर दोर लावणाऱ्या, कोणाचा पाय मुरगळला तर त्याचं ओझं आपल्या सॅकवर चढवून उतरणाऱ्या. त्यांचं नाव इथे देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. प्रत्यक्षातही मी त्यांना ताईच म्हणत असे आणि त्या मला मॅडम. त्यांच्या कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली डिस्क, म्हणजे गादी, फाटून आतला गर बाहेर आला आणि डाव्या पायात उतरणारी नस त्याखाली दबली. फिजिओथेरपीच्या कामात असे रुग्ण नेहमी भेटतात. तरी हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं, कारण दुखण्यासोबत त्यांना एक मनाईही मिळाली होती, आणि तिला ना कारण जोडलेलं होतं ना मुदत. पुढचे कित्येक महिने आम्ही दुखण्याइतकंच त्या मनाईवर काम केलं.

घडलं ते असं. मुक्कामाची सकाळ. रात्रभर पातळ मॅटवर झोप झालेली. पहाटे उठून तंबू आवरला, गुडघे ताठ ठेवूनच खाली वाकल्या आणि कमरेत पीळ देत भरलेली सॅक एका हिसक्यात खांद्यावर घेतली. कमरेत कळ आली. त्यांना वाटलं उसण भरली. सॅक पाठीवर ठेवूनच त्या अख्खी घसाऱ्याची वाट उतरल्या. तिसऱ्या दिवशी कंबर जरा मोकळी झाली, पण दुखणं खाली सरकलं: डावा कुल्ला, मांडीची मागची बाजू, पोटरीची बाहेरची बाजू आणि थेट अंगठ्यापर्यंत. शिंक आली की पायातून वीज जावी तशी कळ. उभं राहता येत होतं, आडवं होता येत होतं, बसता मात्र येत नव्हतं.

एमआरआय झाला. अहवालात डिस्कचा भाग बाहेर पडून डाव्या एल५ नसेवर (कमरेच्या पाचव्या मणक्याजवळून पायात उतरणाऱ्या नसेवर) दाब असल्याचं लिहिलं होतं. अहवाल पाहणाऱ्यांनी त्यांना सांगितलं, "गादी सरकलीय, नस दबलीय. आता डोंगर विसरा. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कमरेचा पट्टा काढायचा नाही." किती दिवस, हे त्यांनी विचारलं नाही आणि समोरूनही सांगितलं गेलं नाही.

माझ्याकडे आल्या तेव्हा पाचेक आठवडे लोटले होते. बसायला सांगितलं तर भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. पायात टाचा दाबून चपट्या केलेले बूट होते. "नाडी बांधता येत नाही," त्या म्हणाल्या, "पहिले काही दिवस ह्यांनी बांधून दिली. मग मला ते सहन होईना, म्हणून बुटांचीच चप्पल केली." तपासताना मी जे टिपून घेतलं, त्यात हे वाक्य सगळ्यात वर आहे. पाय किती दुखतो याचा आकडा दहापैकी सात होता, पण त्यांना काय लागलं होतं ते या वाक्यातून कळलं.

तपासणीला सुरुवात करण्याआधी काही प्रश्न विचारावेच लागतात आणि ते मी प्रत्येक भेटीत पुन्हा विचारते. लघवी लागल्याचं जाणवतं का? सुरू करायला किंवा रोखायला त्रास होतो का? गुदद्वाराभोवती, मांड्यांच्या आतल्या बाजूला, खोगिरावर बसताना जो भाग टेकतो तिथे बधिरपणा आहे का? दोन्ही पायांतली शक्ती गेल्यासारखी वाटते का? यातल्या एकाचंही उत्तर हो आलं तर व्यायाम, औषध, वाट पाहणं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी तातडीच्या विभागात जायचं. मणक्याच्या पोकळीच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दबत असल्याची ती खूण असते आणि तिथे गेलेले तास परत मिळत नाहीत. डोंगरात असताना असं झालं तरी हेच लागू आहे. ट्रेक पूर्ण करून मग दाखवू, असं चालत नाही. ताईंची सगळी उत्तरं नकारार्थी होती.

मग त्यांना टाचांवर चालायला लावलं. उजवा पाय नीट उचलला जात होता. डाव्याचा चवडा सातआठ पावलांनंतर किंचित खाली यायला लागला. डाव्या अंगठ्यावर माझं बोट ठेवून "वर उचला" म्हटलं, तर जोर होता पण उजव्याइतका नाही, पाचपैकी चार. पावलाच्या वरच्या बाजूला स्पर्श बोथट. पाठीवर झोपवून पाय सरळ वर उचलला तर पस्तीसेक अंशांवरच पोटरीत कळ उतरली. गुडघ्यावर आणि घोट्यावर हातोडीने ठोकल्यावर उमटणारा झटका, म्हणजे प्रतिक्षेप, ठीक. सगळं चित्र एमआरआयशी जुळत होतं आणि हे जुळणं महत्त्वाचं असतं, कारण एमआरआय एकटा फार कमी सांगतो.

ते का, हे ताईंना समजावण्यात पहिल्या भेटीचा बराच वेळ गेला. डिस्क फुटून नस दबते आणि त्यातून पाय दुखतो, ही गोष्ट मिक्स्टर आणि बार या दोघा सर्जननी १९३४ मध्ये मांडली. तेव्हापासून बाहेर आलेली डिस्क म्हणजे गुन्हेगार, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं झालं. पुढे एमआरआय आल्यावर निरोगी माणसांनाही त्यात घालून पाहिलं गेलं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय पाहिले, तर ५२ टक्क्यांमध्ये किमान एका जागी डिस्क फुगलेली होती. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात काहीही दुखत नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांची चित्रं एकत्र केली. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या डिस्कमध्ये झीज दिसली आणि ऐंशीतल्या ९६ टक्के. म्हणून ज्या अहवालात "झीज" लिहिलेलं असतं, तो बहुतेक वेळा वय सांगत असतो.

ताईंचं प्रकरण मात्र नुसत्या झिजेचं नव्हतं. त्यांच्या नसेवर खराच दाब होता आणि तो मी कमी लेखला नाही. पण याच ठिकाणी त्यांना सांगण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्टही होती. बाहेर पडलेला डिस्कचा तुकडा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, आणि तुकडा जितका जास्त बाहेर, तितकी ही शक्यता जास्त. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार डिस्क नुसती फुगलेली असेल तर ती आपोआप मागे गेल्याचं १३ टक्क्यांत दिसलं. गर बाहेर पडला असेल तर ७० टक्क्यांत, आणि तुकडा पूर्ण सुटा झाला असेल तर ९६ टक्क्यांत. अहवालातल्या ज्या शब्दाने ताईंची झोप उडवली होती, तोच शब्द बरं होण्याच्या बाजूने होता. हे ऐकून त्या पहिल्यांदा खुर्चीच्या कडेला टेकल्या, जेमतेम मिनिटभर.

शस्त्रक्रियेचा प्रश्न त्यांनीच काढला. मी शस्त्रक्रियेच्या विरोधात नाही आणि रुग्णाला तिची भीती घालणं मला पटत नाही. नेदरलंडमध्ये तीव्र सायटिका, म्हणजे नस दबून पायात उतरणारी कळ, असलेल्या २८३ जणांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांवर लवकर शस्त्रक्रिया, बाकीच्यांना आधी थांबून पाहायचं. शस्त्रक्रिया झालेले लवकर सावरले, साधारण चार आठवड्यांत. थांबलेल्यांना बारा लागले. वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के बरे. मात्र थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतलीच. या आकड्यांचा माझ्या मते अर्थ एवढाच, की बहुतेक रुग्णांसाठी हा निवड करण्याचा प्रश्न असतो. वेदना लवकर जाण्याची किंमत किती आणि थांबण्याची तयारी किती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. ताई एका मणक्याच्या सर्जनलाही भेटून आल्या. तिघांच्या संमतीने ठरलं ते असं: अंगठ्याची ताकद आणखी उतरली तर एकही दिवस न थांबता सर्जनकडे जायचं. बाराव्या आठवड्यानंतरही पायाची कळ रात्री झोपू देत नसेल तर शस्त्रक्रियेवर नव्याने बोलायचं. तोवर थांबायचं.

थांबण्याला तारीख मिळाली, एवढ्यानेच त्यांचा चेहरा बदलला. तिथे मला प्रकरणाची गाठ सापडली. दुखणं त्यांना सहन होत होतं. पण त्यांना "विसरा" असं सांगितलं गेलं होतं आणि त्या आज्ञेचं त्यांनी तंतोतंत पालन केलं होतं. ट्रेकच्या मंडळींचे निरोप बघायच्या बंद झाल्या होत्या. दोर एका पोरीला देऊन टाकला होता. घरात वाकून काही उचलायचं झालं तर हाक मारायच्या. वाकायला मनाई, म्हणून त्या मानसुद्धा वळवत नव्हत्या. सगळं अंग एकत्र फिरवायच्या. "दुखतं त्यापेक्षा आता मी काय आहे हे कळत नाही, त्याचं जास्त होतं," असं त्यांनी दुसऱ्या भेटीत सांगितलं आणि रडल्या. अशा वेळी "जीव तर वाचला ना", "इतर छंद जोपासा" असं म्हणणारे खूप भेटतात. वीस वर्षं ज्या गोष्टीने माणसाला मित्र दिले, आत्मविश्वास दिला, आठवड्याला आकार दिला, ती गेली तर शोक होणारच. त्याला शोकच म्हणावं आणि तो होऊ द्यावा.

भीतीचंही तसंच. व्लायेन आणि लिंटन यांनी २००० मध्ये मांडलेलं एक प्रारूप आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे: दुखण्याचा अर्थ "मोडतंय" असा लावला की माणूस हालचाल टाळतो, टाळल्याने शरीर दुबळं होतं, दुबळ्या शरीराला लवकर दुखतं आणि भीती खरी ठरते. हे वर्तुळ ताईंच्या बाबतीत स्पष्ट दिसत होतं. पण ती भीती त्यांच्या स्वभावातून आलेली नव्हती. कातळावर दोराला लटकलेली बाई घाबरट नसते. ती भीती त्यांना तपासणीच्या खोलीत दिली गेली होती, म्हणून ती काढायची जबाबदारीही आमच्याच बाजूला येते, असं मी मानते.

आम्ही एक कागद घेतला. डावीकडे त्यांना मिळालेल्या सगळ्या मनाया. प्रत्येकीपुढे तीन गोष्टी लिहायच्या: का, केव्हापर्यंत, आणि उठवता येईल हे कशावरून कळणार. ज्या मनाईपुढे "का" लिहिता आलं नाही, ती त्याच दिवशी रद्द. मान वळवणं असं रद्द झालं. पट्टाही दोन आठवड्यांत हळूहळू सोडायचा ठरला. "वजन उचलायचं नाही" यापुढे लिहिलं: नस चिडलेली आहे म्हणून, पायाची कळ गुडघ्याच्या वर सरकेपर्यंत, मग हलक्या वजनापासून. आणि "डोंगर" ही एकच मनाई आम्ही तुकड्यांत फोडली, कारण डोंगर ही एक कृती नाहीच. त्यात तासन् तास गाडीत बसणं आहे, चढणं आहे, उतरणं आहे, वजन पाठीवर नेणं आहे, ते जमिनीवरून उचलणं आहे, उड्या आहेत, जमिनीवर झोपणं आहे, सकाळी वाकून आवरणं आहे. या प्रत्येकात कमरेवर येणारा भार वेगळा. चढावर चालणं ताईंना पहिल्या महिन्यातच जमण्यासारखं होतं. गाडीतला प्रवास सगळ्यात शेवटी जमणार होता. "डोंगर विसरा" म्हणणाऱ्याला हा फरक करायला वेळ नव्हता.

शिवाय डोंगराने त्यांची डिस्क खराब केली, हा समज काढायला हवा होता. फिनलंडमध्ये जुळ्या भावांवर झालेल्या अभ्यासांत एकाने आयुष्यभर कष्टाचं काम केलं आणि दुसऱ्याने बैठं, अशा जोड्या तपासल्या गेल्या. दोघांच्या डिस्कमध्ये फरक अपेक्षेपेक्षा फारच कमी निघाला. आनुवंशिकतेचा वाटा शारीरिक कष्टापेक्षा खूप मोठा दिसला. ताईंच्या बाबतीत त्या सकाळचा जो प्रसंग होता, त्याकडे मात्र बारकाईने पाहण्यासारखं होतं. विल्के यांच्या गटाने १९९९ मध्ये एका स्वयंसेवकाच्या नेमक्या याच, चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या डिस्कमध्ये दाब मोजणारं यंत्र बसवलं होतं. नुसतं उभं असताना दाब ०.५ मेगापास्कल (दाब मोजायचं एकक). २० किलो वजन पाठ गोल करून उचलताना २.३. तेच वजन गुडघे वाकवून उचललं तर १.७. अंगाशी घट्ट धरून उभं राहिलं तर १.१. आणि रात्री सात तास आडवं राहिल्यावर, काहीही न करता, डिस्कमधला दाब ०.१ वरून ०.२४ वर गेलेला, कारण झोपेत डिस्क पाणी शोषून फुगते. एका माणसावरचं मोजमाप आहे, त्यावरून नियम काढू नयेत. पण उठल्याउठल्या, फुगलेल्या डिस्कनिशी, पाठ गोल करून, पीळ देत भरलेली सॅक उचलणं हा किती वाईट मेळ आहे, ते त्यातून कळतं. ताईंनी ते आकडे दोनदा वाचले. "म्हणजे डोंगर नव्हे, ती पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. आधीची झीज होतीच, त्यामुळे सगळं त्या पाच मिनिटांवर ढकलता येत नाही, हे मी सांगितलं. तरीही पाच मिनिटं बदलता येतात, हे खरं होतं.

उपचाराचा पहिला टप्पा दिसायला साधा होता. पोटावर झोपून कोपरांवर उठलं की त्यांच्या पायातली कळ पोटरीतून मांडीत सरकायची. कळ पायातून कमरेकडे यायला लागणं ही चांगली खूण मानतात; कंबर जास्त दुखली तरी. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी या गोष्टीकडे जगाचं लक्ष वेधलं. सगळ्यांना हीच दिशा लागू पडते असं नाही. काहींची कळ याच हालचालीने खाली उतरते, त्यांनी ती करू नये. ताईंना ती मानवली, म्हणून दिवसातून अनेकदा, थोडी थोडी. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी ठरावीक काळापुरत्या दिल्या होत्या. त्या संपत आल्या तेव्हा वाढवून घ्याव्या लागल्या नाहीत.

अंथरुणातून उठवणं जास्त अवघड गेलं. झोपून राहिल्याने सायटिका लवकर बरी होते, असं अजूनही घराघरांत मानतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात दोन आठवडे सक्तीची विश्रांती घेणारे आणि जमेल तसं हिंडणारे यांची तुलना केली. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे ८७ टक्के सुधारलेले. झोपून काही मिळालं नाही, आणि ताईंच्या मांड्यांचे स्नायू तर पाच आठवड्यांत डोळ्यांना दिसतील इतके उतरले होते.

चालणं आम्ही घड्याळावर बांधलं. सपाटीवर आठ मिनिटं, दिवसातून चार वेळा. दुखलं तरी आठ, छान वाटलं तरी आठ. हा दुसरा भाग त्यांना जाचायचा. धडधाकट माणसाला वाटतं की दुखेपर्यंत चालावं आणि दुखलं की थांबावं. त्याने चांगल्या दिवशी जास्त चालणं होतं, पुढचे तीन दिवस अंथरूण धरलं जातं आणि मेंदू शिकतो की चालणं म्हणजे दुखणं. वेळेवर थांबलं की शरीराला चालणं आणि शिक्षा यांचा संबंध जोडता येत नाही. दर आठवड्याला मिनिटं वाढली. सकाळी उठल्यावर पहिले दोन तास वाकायचं नाही, हा नियम पाळला. जुन्या कंबरदुखीच्या रुग्णांना एवढ्या एका बदलाने फरक पडल्याचा स्नूक यांचा १९९८ चा अभ्यास आहे. बुटाची नाडी त्यांनी पाय पायरीवर ठेवून, कमरेत न वाकता बांधायची. ती त्या तिसऱ्या आठवड्यात स्वतः बांधून आल्या.

मग एक वाईट आठवडा आला. टाळता न येणारा लांबचा प्रवास होता. तिथून परतल्या तेव्हा कळ पुन्हा पोटरीत, रात्री झोप नाही. फोनवर आवाज पूर्ण बसलेला. "मॅडम, सगळं पहिल्यापासून." मी लगेच बोलावून अंगठा तपासला. ताकद पाचपैकी पाचला आली होती आणि तशीच होती. पाय उचलण्याचा कोन पन्नास अंशांच्या वर होता, पहिल्या दिवशीपेक्षा कितीतरी बरा. म्हणजे दुखणं पहिल्यासारखं होतं, नस मात्र पहिल्यासारखी नव्हती. हा फरक त्यांना त्यांच्याच पायावर दाखवता आला, याचा पुढे फार उपयोग झाला. उचल खाल्लेलं दुखणं आणि नवी इजा यांत गल्लत होते आणि तिथेच अनेक जण कायमचं सोडून देतात. आम्ही मिनिटं निम्मी केली, बंद केली नाहीत. दहाबारा दिवसांत गाडी रुळावर आली. प्रवासापुढे कागदावर नवी ओळ लिहिली गेली: पाऊण तासाला गाडी थांबवून खाली उतरायचं, कमरेमागे उशी, आणि शक्यतो आसन मागे कललेलं.

बारावा आठवडा आला तेव्हा रात्रीची कळ गेलेली होती. शस्त्रक्रियेवर पुन्हा बोलण्याची गरज पडली नाही.

इथून पुढचं काम मला स्वतःला सगळ्यात आवडतं, कारण इथे उपचार संपून तयारी सुरू होते. बरेच रुग्ण याच टप्प्यावर सुटतात. दुखणं गेलं की व्यायाम सुटतो, आणि ज्या कमरेला डोंगर पेलायचा आहे ती पलंगाच्या ताकदीवर डोंगरात जाते. ताईंना आम्ही कुल्ल्यातून वाकायला शिकवलं: पाठ लांब, गुडघे सैल, वजन अंगाशी. पाठीमागे काठी धरून, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला टेकलेली ठेवून त्या वाकायच्या. ते जमल्यावर हातात वजन. मग जड वजन. "वजन उचलायचं नाही" म्हणून आलेल्या बाईला मी जमिनीवरून वजन उचलायला लावते आहे, हे पाहून त्यांचे यजमान घाबरले होते. पण सॅक कधीतरी उचलायचीच आहे. ती उचलण्याचा सराव चार भिंतींत, मोजूनमापून झालेला बरा.

सॅकचंही तसंच. आधी रिकामी सॅक पाठीवर आणि चालणं. मग दर आठवड्याला पाण्याची एक बाटली जास्त. कमरेचा पट्टा पोटावर न बांधता कुल्ल्याच्या हाडांवर बसवला की ओझ्याचा मोठा भाग पाठीच्या कण्याला वगळून थेट पायांवर जातो. इतकी वर्षं हिंडूनही पट्टा सैल ठेवून खांद्यांवर ओझं नेणारे पुष्कळ आहेत. सॅक जमिनीवरून थेट खांद्यावर घ्यायची नाही. आधी गुडघ्यावर, तिथून खांद्यावर, आणि शक्य असेल तर कमरेएवढ्या दगडावर टेकवून पट्ट्यात शिरायचं. उतरताना दोन काठ्या. जिन्यावरून सावकाश उतरण्याचा सराव, कारण उतारावर प्रत्येक पावलाला स्नायू ताणाखाली लांबत ब्रेक लावत असतात आणि ते थकले की धक्के वर जातात.

यात शरीराने जेवढी साथ दिली, तेवढी मनाने सहज दिली नाही. पहिल्या छोट्या ट्रेकला ठरलं होतं की सॅकमध्ये पाणी आणि एक जर्किन एवढंच, बाकीचं इतर वाटून घेतील. ताई गप्प झाल्या. "मी दुसऱ्यांचं ओझं घेणारी," त्या म्हणाल्या. याला माझ्याकडे तोडगा नव्हता. त्यांच्या जुन्या ट्रेकच्या सोबत्यांपैकी एक जण त्या दिवशी बरोबर आला होता, तो म्हणाला, "ताई, वीस वर्षं तुमच्याकडे आमचं उधार आहे. फेडू द्या की." त्या हसल्या नाहीत, पण सामान काढून दिलं. माझ्या मते बऱ्या होण्यातला तो एक मोठा टप्पा होता, कुठल्याही व्यायामाइतका.

तो ट्रेक माथ्यापर्यंत नव्हताच. किती वाजता माघारी वळायचं ते घरीच ठरलेलं होतं आणि त्या वेळेला, माथा डोळ्यांसमोर असताना, त्या वळल्या. दुसऱ्या दिवशी कंबर आखडली, चोवीस तासांत सुटली. आमचा नियम तोच होता: श्रमानंतरचं दुखणं चोवीस तासांत मूळ पातळीला आलं तर भार योग्य, नाही आलं तर पुढच्या वेळी कमी. पायात उतरलेली कळ किंवा अंगठ्याची कमी झालेली ताकद मात्र या नियमात बसत नाही. ती दिसली तर थांबून तपासायचं.

आठव्या महिन्यात त्यांनी रात्रीचा मुक्काम केला. जाड मॅट, कुशीवर झोप, गुडघ्यांमध्ये कपड्यांची गुंडाळी. सकाळी तंबू आवरायचं काम इतरांचं आणि त्या वेळात ताई चालत होत्या.

सगळं परत आलं नाही, हेही लिहायला हवं. पावलाच्या वर अंगठ्याच्या मागे रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा अजून बधिर आहे. नसेचा तंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने वाढतो, त्यामुळे कंबरेपासून पावलापर्यंतचा रस्ता लांब असतो आणि कधी कधी तो अर्धाच होतो. उंचावरून उडी मारायची नाही, हे त्यांनी स्वतःहून कायम ठेवलंय. पूर्वीइतकं ओझं नेण्याचा प्रयत्नही त्या करत नाहीत. कातळ चढतात, पण वरून दोर लावलेला असेल तेव्हाच, कारण दोराचा हिसका बसेल असं पडणं कमरेला परवडणार नाही. ट्रेकमध्ये पूर्वी सगळ्यांच्या पुढे असायच्या, आता शेवटी असतात. नवख्यांपैकी कोण थकलंय, कोणाची सॅक चुकीची बांधलीय, हे तिथून चांगलं दिसतं, असं त्या सांगतात. देऊन टाकलेला दोर परत मागितला नाही. ती पोरगी आता तो लावते.

एमआरआय पुन्हा करून घ्यावा का, असं त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. तुकडा पूर्ण विरघळला असेल किंवा थोडा उरला असेल. ताकद चांगली आहे, कळ नाही, लघवीच्या प्रश्नांची उत्तरं ठीक आहेत, तर त्या चित्राने त्यांच्या वागण्यात काहीच बदलणार नाही. झालंच तर पुन्हा भीती वाढेल. नवी लक्षणं आली तर गोष्ट वेगळी.

दुखणं पुन्हा उलटण्याची शक्यता आहे आणि ती मी त्यांच्यापासून लपवलेली नाही. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना टप्प्याटप्प्याने चालण्याचा कार्यक्रम आणि थोडं समुपदेशन दिलं. कामात अडथळा आणणारं दुखणं परत यायला त्यांना मध्यकाने (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २०८ दिवस लागले, बाकीच्यांना ११२. त्या अभ्यासातली कंबरदुखी साधी होती, ताईंसारखी नस दबलेली नव्हती, त्यामुळे आकडे जसेच्या तसे त्यांना लावता येत नाहीत. तरी आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालणं त्यांनी धरून ठेवलंय, ट्रेक असो वा नसो.

मनायांचा तो कागद त्यांच्याकडेच असतो. त्यावर सध्या दोनच ओळी उरल्यात, उडी आणि जड ओझं. दोन्हींपुढे कारण लिहिलंय, आणि तारखेच्या जागी "दर सहा महिन्यांनी पुन्हा पाहणे".